आधी पाखरू, मग बार

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना आमचे संपादक दरवर्षी एकच अट घालतात, "विषय दिवाळीला साजेसा असू द्या." या खेपेस मी कुत्र्याच्या पिल्लावर लिहिणार असे कळवले, तेव्हा त्यांचे उत्तर यायला दोन दिवस लागले. वसुबारस गाईची असते, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या पिल्लाने मला बाराच्या आवाजाविषयी आणि थोडेसे स्वतःविषयी शहाणे केले, त्याची हकिकत दिवाळीत नाही सांगायची तर केव्हा सांगायची?

२०२३ साली मे महिन्यापासून आम्ही उभयता सहा महिने लेकीकडे अमेरिकेत होतो. कॅन्सास राज्यातले विचिटा हे गाव. तिथे विमाने तयार करण्याचे मोठे कारखाने आहेत आणि आमचे जावई त्यांतल्याच एकात नोकरीला आहेत. घर अगदी गावाच्या कडेला. मागच्या अंगणाचे कुंपण संपले की शेत सुरू आणि शेत कसले, तर ज्वारीचे! मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. सातासमुद्रापलीकडे येऊन खिडकीतून ज्वारीच दिसावी, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी याच राज्यात पिकते. ताटे कमरेला लागतील एवढीच, कणसे तांबूस, आणि त्यातली पुष्कळशी जाते जनावरांच्या दाणावैरणीत. "भाकरी खायची तर इथं गुराच्या जन्माला यायला हवं," असे सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी जाहीर केले.

त्या शेताचे मालक आमचे शेजारी. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणत असे. मीही काही तरुण नाही, पण ते ऐंशीला टेकलेले, म्हणजे मला ज्येष्ठच. बायको वारलेली, मुलगी दूरच्या गावी. घरामागे कबुतरांची एक ढाबळ होती. मेच्या अखेरीस ते एक पिल्लू घेऊन आले. जातीचे इंग्लिश सेटर, पांढऱ्या लांब केसांच्या अंगावर तांबूस शिंतोडे. नाव पेनी. पेनी म्हणजे तिकडचा तांब्याच्या रंगाचा पैसा. आमच्या सात वर्षांच्या नातवाचा मुक्काम तेव्हापासून शेजारीच पडला आणि त्याला हाका मारण्याच्या निमित्ताने माझाही.

पहिल्याच भेटीत म्हातारबुवा म्हणाले, "हा माझा शेवटचा कुत्रा. यानंतर पिल्लू आणणं म्हणजे त्या पिल्लावर अन्याय. माझ्यामागं त्याला कोण बघणार?" हे त्यांनी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगितले.

ही जात पक्ष्यांच्या शिकारीची. आता मी पडलो शाकाहारी माणूस, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची बंदूक भिंतीवर गेली ती गेलीच. तेव्हा शिकारीची वकिली करायला मी बसलेलो नाही. पण या कुत्र्याचे काम मोठे विलक्षण असते. तो पाखरू मारीत नाही, पकडीत नाही. गवतात दडलेल्या पाखराचा वास लागला की तो जागच्या जागी थिजतो. नाक पाखराच्या दिशेला, शेपटी ताठ, कधी एक पाय उचललेला. मुलांच्या खेळात कोणी 'स्टॅच्यू' म्हटल्यावर व्हावे तसे! मालक येऊन पाखरू उठवीपर्यंत त्याने हलायचे नाही. बंदुका सर्रास होण्यापूर्वी विलायतेत हे कुत्रे पाखरांपुढे जमिनीसरसे दबून राहत, आणि शिकारी वरून जाळे टाकीत. दबून राहणारा म्हणून 'सेटर' हे नाव पडले.

मी विचारले, "हे तिला शिकवणार कसं?"

म्हातारबुवा हसले. "शिकवायचं काहीच नाही. ते तिच्या रक्तातच आहे. मी फक्त तिची आणि पाखराची गाठ घालून देणार. आणि ती गाठ नीट पडेल एवढं पाहणार."

मला वाटले, म्हातारा टाळतो आहे. उभ्या आयुष्यात मला मास्तरकीची हौस, आणि शिकवल्याशिवाय कोणाला काही येते यावर माझा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मासे धरण्याच्या गळाच्या काठीला दोरी बांधली, दोरीला लाव्याचा एक वाळलेला पंख बांधला, आणि तो गवतावर टाकला. पेनी धावली. त्यांनी पंख उचलला. पुन्हा टाकला, ती धावली, पुन्हा उचलला. पाचसहा वेळा असे झाल्यावर, धावून उपयोग नाही हे बहुधा तिच्या ध्यानात आले. ती दबकत पुढे आली आणि एकदम थबकली. एक पुढचा पाय वर. तीन महिन्यांचे ते पिल्लू, नुकते कुठे पाय सावरू लागलेले. पण आजा-पणजा तिच्या अंगात येऊन उभा राहिला असे वाटले. माझ्या अंगावर काटा आला. नातू तर श्वास घ्यायचा विसरला.

"पुन्हा! पुन्हा!" आम्ही दोघेही ओरडलो.

"पुरे," म्हणून त्यांनी काठी ठेवून दिली. हा खेळ फार खेळला तर पिल्लू डोळ्यांवर विसंबते, आणि त्याचा खरा उद्योग नाकाचा. पंख तिला तोंडात धरून मिरवायला दिला, इतकेच. कितीतरी दिवस ती तो पंख घेऊन हिंडत असे.

आणि मग आला जुलै. ४ जुलै हा तिकडचा स्वातंत्र्यदिन. त्या रात्री अमेरिकेत फटाके उडतात ते थेट आपल्या लक्ष्मीपूजनासारखे! म्हातारबुवांना मुलीकडे जायचे होते. पेनीला आमच्या हवाली करताना त्यांनी मला दोनदा बजावले, "तिला आतल्या खोलीत ठेवा. पंखा लावा, रेडिओ लावा. काहीही झालं तरी बाहेर आणू नका."

मी मान डोलावली. पण रात्री नऊच्या सुमारास आकाश फुलू लागले. लेक आणि जावई कुणाकडे जेवायला गेलेले. नातू म्हणाला, "आजोबा, पेनीला पण दाखवू या ना!" आणि मला माझे बालपण आठवले, चाळीतले फटाके आठवले. मनात म्हटले, शिकारीचे कुत्रे ना? मग आवाजाची सवय जितक्या लवकर होईल तितकी बरी. शिक्षण, शिक्षण म्हणतात ते हेच! मी तिला उचलून अंगणात आणली. तोंडात तिचा तो लाडका पंख होता.

त्याच क्षणी पलीकडच्या घरच्या पोरांनी एक भलामोठा बार उडवला. जमीन हादरली. पेनीने किंचाळी फोडली, पंख टाकला, माझ्या हातातून निसटली, आणि पुढचे दोन तास ओसरीच्या लाकडी फळ्यांखाली एका कोपऱ्यात थरथरत बसली. नातू पालथा पडून तिला हाका मारीत होता आणि रडत होता. मी विजेरी घेऊन उभा होतो. आयुष्यात इतका निरुपयोगी मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवांना सारे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी तो पंख आणून पेनीपुढे ठेवला. तिने तोंड फिरवले आणि ती निघून गेली. त्यांनी पुन्हा ठेवला. ती पुन्हा निघून गेली. मग मात्र ते बराच वेळ खाली बसून राहिले.

"नुसती आवाजाला भ्याली असती तर एवढं नव्हतं," ते म्हणाले. "तिनं पंख आणि धमाका एकत्र बांधले आहेत. पाखराचा वास आला की आता तिला तो बार आठवणार. असा कुत्रा पाखरू हुंगतो आणि न हुंगल्यासारखं करून दुसरीकडे जातो. मग तो या कामाचा उरत नाही."

"यावर उपाय?"

"गाठ सोडवायची. पण ओढून नाही. ओढली की घट्ट बसते."

त्या रात्री मी लेकीजवळ हळहळ केली. ती भांडी पुसत होती. पाठ न वळवता म्हणाली, "बाबा, तुम्हाला आठवतं? गणपतीत तुम्ही मला स्टेजवर उभं केलं होतं. मी नको नको म्हणत होते." मला आठवले. ती सहा वर्षांची होती. श्लोक अर्ध्यावर अडला, लोक हसले, आणि खाली उतरल्यावर मी तिला दटावले, "एवढंही येत नाही?" त्यानंतर शाळा झाली, कॉलेज झाले, परदेशातली नोकरी झाली, पण ती कोणत्याही व्यासपीठावर पुन्हा कधी चढली नाही. ऑफिसात अहवाल ती लिहिते आणि उभे राहून वाचून दाखवते दुसरेच कोणी. इतकी वर्षे मी समजत होतो की पोरगी स्वभावानेच बुजरी आहे.

म्हातारबुवांनी पुढचे सहा आठवडे पंख, पाखरू, आवाज यांपैकी कशाचे नावही काढले नाही. रोज पहाटे नुसते फिरणे. ओढ्यात डुंबणे, गवतात लोळणे, सशामागे धावणे. ना हुकूम, ना शाबासकी. मी एकदा विचारले, "यात शिक्षण कुठं आहे?" ते म्हणाले, "यात तिचं जग पुन्हा चांगलं होतं आहे."

ऑगस्टच्या अखेरीस एकदा तिच्या पायाशीच एक मेडोलार्क, तिकडचा चंडोलासारखा माळपक्षी, फडफडून उठला. पेनी दचकली. आम्ही दोघेही जागच्या जागी उभे. आणि मग तिने कान टवकारले आणि पाखरामागे सुसाट धाव ठोकली! पाखरू केव्हाच गेले. ती जीभ बाहेर काढून परत आली. म्हातारबुवांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. मात्र माझ्या दंडाला त्यांनी इतका जोराचा चिमटा काढला की तो चार दिवस दुखत होता.

मग ढाबळीतली कबुतरे कामाला लागली. ही कबुतरे कोठेही सोडली तरी घरी परततात. प्रथम पंख बांधलेले एक कबुतर तिच्यापुढे गवतात चालत सोडले. ते मवाळ, ना चोच मारणारे ना नखी. फेझंटचा नर कधीही पहिल्यांदा दाखवायचा नाही, असे ते सांगत. त्याच्या पायाला तीक्ष्ण आरी असते आणि पंखांचा तडाखा असा, की कोवळे पिल्लू जन्माची दहशत घेते. हा फेझंटही तिकडे आमच्यासारखाच परदेशाहून आलेला! शांघायमधले अमेरिकी वकील ओवेन डेनी यांनी १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत तो चीनमधून ऑरेगॉनला पाठवला आणि तो देशभर पसरला.

सप्टेंबरात खरी गंमत सुरू झाली. स्प्रिंगच्या झाकणाची एक पेटी असते. तिच्यात कबुतर ठेवून ती गवतात लपवायची. हातातले बटण दाबले की झाकण उघडते आणि कबुतर वर उडते. पिल्लाला वाऱ्याच्या खालच्या अंगाने आणायचे, म्हणजे वास आपण होऊन नाकाशी येतो. गळपट्ट्याला तीसेक फूट लांब दोरी, तीही ओढण्यासाठी नव्हे, जमिनीवर घसटत ठेवण्यासाठी. वास आला की पेनी थांबे. थांबली की कबुतर तिथेच. पण मोह न आवरून तिने चार पावले पुढे टाकली की बटण दाबलेच, आणि कबुतर आकाशात! उभी राहिलीस तर पाखरू तुझे, झेपावलीस तर गेले. हा धडा माणसाने तोंडाने दिलाच नाही, कबुतराने दिला. आणि आम्ही पाय ओढीत घरी पोचावे तो मास्तर आमच्या आधी ढाबळीवर बसून दाणे टिपीत असत. पेटीपाशी पिल्लू अगदी जवळ असताना मात्र बटण दाबायचे नाही; झाकणाच्या खटक्यानेही ते बिचकते.

राहिला आवाज. ऑक्टोबरात एके दिवशी म्हातारबुवा माझ्या हातात एक वस्तू ठेवून म्हणाले, "गाठ तुम्ही मारलीत, सोडवायचीही तुम्हीच." पाहतो तो टिकल्यांचे पिस्तूल! आपल्याकडे पोरे दिवाळीत उडवतात तेच. सत्तरीच्या घरातला, कानटोपी घातलेला एक गृहस्थ ज्वारीच्या धसकटांत दोनशे पावलांवर खेळण्यातले पिस्तूल घेऊन उभा आहे, हे दृश्य सौभाग्यवतींनी खिडकीतून पाहिले आणि फोटो काढून सोलापूरला सर्व नातेवाइकांना पाठवला.

नियम असा. पाखरू आधी. कबुतर उडाले, पेनी त्याच्यामागे धावू लागली, तिचे अवघे चित्त त्या पंखांत गुंतले, की म्हातारबुवा टोपी हलवणार, आणि मगच मी टिकली उडवायची. तिचा एक कान जरी मागे वळला तरी त्या दिवसाचे काम बंद. पहिल्या दिवशी कान वळला. आम्ही मुकाट्याने घरी आलो. तिसऱ्या दिवशी नाही वळला. मग दीडशे पावले, मग शंभर. मग टिकलीच्या जागी नुसत्या आवाजाचे खरे पिस्तूल, पण पुन्हा दोनशे पावलांपासून. रोज एकदाच. "अजून एकदा करू या," असे मी कितीदा म्हटले असेल! दर वेळी उत्तर ठरलेले, "तिला उद्या यावंसं वाटलं पाहिजे."

त्या वर्षी तिकडचा पाखरांचा हंगाम शनिवारी, ११ नोव्हेंबरला उघडला आणि दुसऱ्या दिवशी आपली नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन. शनिवारी चहूकडून बंदुकांचे बार ऐकू येत होते. पेनी आतल्या खोलीत होती. पंखा चालू, रेडिओ चालू. या खेपेस राखणदार मीच होतो, आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो.

रविवारी पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान झाले. फराळाचे ताट घेऊन नातू आणि मी शेजारी गेलो. म्हातारबुवांनी चकली मोडली, चघळली, पसंतीची मान हलवली आणि बंदूक खांद्याला लावून म्हणाले, "चला."

दव पडलेले होते आणि वारा समोरून. अशा ओल्या हवेत वास धरून राहतो. ज्वारीची धसकटे जिथे काटेरी झाडांच्या ओळीला भिडतात, त्या बांधावर पेनी नागमोडी धावत होती. एकाएकी कोणीतरी अदृश्य दोरी ओढावी तसे तिचे डोके उजवीकडे वळले. आणि ती उभी राहिली.

मी नातवाचा हात घट्ट धरला. त्याला आणि मला एकच भीती होती, आता तोंड फिरवून निघून जाईल का? ती गेली नाही. शेपटीच्या टोकावरचे केस तेवढे वाऱ्याने हलत होते. म्हातारबुवा मागून न येता बाजूने, सावकाश, तिला दिसत राहतील असे पुढे गेले. गवतात पाय घातला मात्र, दहाबारा लावे एकदम भर्रर्र करीत उधळले! बॉबव्हाइट जातीचे हे लावे रात्री शेपट्या आत आणि तोंडे बाहेर करून वर्तुळात बसतात, आणि उठतात ते असे सुरुंगासारखे. लगोलग बार झाला.

आवाजाकडे तिने पाहिलेदेखील नाही. ती पाहत होती पाखरांकडे. शेवटचा लावा झाडांच्या ओळीपलीकडे उतरेपर्यंत. मग तिने मान वळवून मालकाकडे पाहिले, जणू विचारीत होती, "आता पुढचे कुठे आहेत?"

म्हातारबुवांचा नेम चुकला होता. मला मनातून बरे वाटले. हे मी त्यांना सांगितले नाही. आणि त्यांना तरी नेमाचे कुठे सुचत होते? ते गुडघा टेकून तिच्याजवळ बसले होते. चष्मा पुसत होते, आणि बराच वेळ पुसत होते.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर पणत्या लावल्या. फटाके आणलेच नव्हते. नातवाने फुलबाज्या पेटवल्या. ४ जुलैला ज्या फळ्यांखाली पेनी थरथरत बसली होती, त्याच फळ्यांवर ती पाय पसरून झोपली होती.

पुढच्या शनिवारी तिथल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी होती आणि नातवाला व्यासपीठावर एक कविता म्हणायची होती. महिनाभर मी त्याला रोज घोकायला लावीत होतो. चुकला की पुन्हा पहिल्यापासून! त्या रात्री मी कवितेचा कागद त्याच्या हाती दिला आणि म्हटले, "हवी तेव्हा, हवी त्याला म्हणून दाखव. नाही म्हणावीशी वाटली तर आपण खाली बसून इतरांच्या ऐकू." त्याने ती आधी पेनीला म्हणून दाखवली. मग म्हातारबुवांना. त्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते, त्यामुळे चुका काढण्याची सोयच नव्हती. मग आजीला आणि शेवटी मला.

कार्यक्रमात तो एका ओळीवर अडला. मी ओठ मिटून बसलो. त्याने छताकडे पाहिले, ती ओळ सोडून दिली आणि पुढची म्हटली. टाळ्या झाल्या. शेजारी बसलेली लेक माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने माझ्या हातावर हात ठेवला.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरात लहान मूल असो की चार पायांचे पिल्लू, त्याला बाराशेजारी नेऊन उभे करण्याची घाई करू नका. आधी त्याला त्याचे पाखरू सापडू द्या. एकदा ते सापडले, की बाराचे काही वाटत नाही.